आधी तू

युनिफॉर्म चढवून झाला होता, केसांना जाळी लावायची राहिली होती, आणि ती मुलीच्या तोंडाशी कुस्करलेल्या केळ्याचा चमचा धरून बसली होती. मुलगी चमच्याकडे बघत म्हणाली, "आधी तू."

एवढंच झालं. मुलगी चिडून म्हणाली नाही, हट्टानेही नाही. दुकानात एखादी बाई वजनकाट्याकडे नुसती नजर टाकते, तसं म्हणाली. कानाच्या दुखण्याचं औषध केळ्यात कालवून द्यायला लागल्याला काही दिवस झाले होते, आणि आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. ती हसली. "बरं बाई," म्हणाली आणि चमचा स्वतःच्या तोंडात घातला. आधी केळं आलं, गोड, थोडं जास्तच पिकलेलं. मग सगळे जेवायला बसल्यावर दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा मागून तो कडूपणा आला आणि जिभेच्या मुळाशी बसला. तिने चेहरा हलू दिला नाही. चेहरा न हलवण्याची तिला सवय होती; जखम उघडताना, रिपोर्ट हातात असताना, नातेवाईक दारात उभे असताना चेहऱ्याने काय करायचं नाही हे तिला नीट येत होतं. मुलीने तो चेहरा तपासला. हनुवटीपासून कपाळापर्यंत सावकाश तपासला, आणि मग तोंड उघडलं. "राजेरजवाड्यांचं असं असायचं म्हणे," सासूबाई भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "आधी चाखणाऱ्याने चाखायचं, मग राजाने. विषाची भीती." मुलगी घास गिळत होती. सासूबाईंनीच केळ्याची युक्ती सांगितली होती, आणि त्यात काही वाईट नव्हतं. जगातल्या सगळ्या आया तेच करतात. तरी चप्पल घालताना तिला वाटलं, चेहरा पास झाला. आपण पास झालो. आणि हे वाटणं बसस्टॉपपर्यंत, तिथून बसमध्ये, दाताला लागलेल्या कडू चवीबरोबर तिच्यासोबत आलं.

तिच्या आईने कधी काही लपवून दिलं नव्हतं. आई नाक दाबायची. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण तिच्यासाठी म्हण नव्हती, शुक्रवारचा कार्यक्रम होता. एरंडेलाचा चमचा, आईचा कांद्याच्या वासाचा अंगठा, आणि गुडघ्यांत घट्ट आवळलेलं अंग. "कडू आहे, घाण आहे, पण घ्यायचं आहे," आई म्हणायची आणि ओतायची. ती रडायची, लाथा झाडायची, आणि नंतर त्याच मांडीवर झोपायची. आता बसच्या खिडकीला डोकं टेकून तिने आठवून पाहिलं, आईने पुढे केलेल्या एखाद्या घासाकडे आपण कधी संशयाने बघितलं होतं का. आठवेना. लाथा आठवत होत्या, संशय आठवत नव्हता. ती स्वतः मुलीचं नाक कधीच दाबणार नव्हती; आपण आईपेक्षा मऊ आहोत याचा तिला थोडा अभिमानही होता. बस सिग्नलला थांबली. बाजूच्या गाडीत एक माणूस आरशात बघून दात कोरत होता.

वॉर्डात औषधांची गाडी हातात आली की तिचं डोकं शांत व्हायचं. एका हाताने ढकलायची, चाक उजवीकडे ओढतं म्हणून मनगटाने सरळ ठेवायची. खाटेशी थांबायचं, गोळी पाकिटातून तिथेच काढायची, मनगटावरची पट्टी वाचायची आणि नाव विचारायचं. महिनाभर रोज बघत असलो तरी विचारायचं. नवीन पेशंटला ते विचित्र वाटतं, जुन्यांना त्याची गंमत वाटू लागते. खिडकीपाशी असलेल्या शिंपीणबाई, सगळा वॉर्ड त्यांना याच नावाने ओळखायचा, रोज वेगळं उत्तर द्यायच्या. "नाव काय, आजी?" "कालचंच. अजून धुवायला टाकलं नाही." किंवा, "तू विसरलीस का मी विसरले, ते बघतेस होय?" मग मनगट पुढे करायच्या, स्वतःच पट्टी वळवून अक्षरं वर आणायच्या. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगाला टेप लावली होती त्यांनी. कुणी आपलं माप घेतंय याचं त्यांना वाईट वाटत नसावं. नर्सिंगच्या शाळेत एक बाई होत्या, उंच, घसा नेहमी बसलेला, त्या म्हणायच्या, "जे तुम्ही काढलं नाही ते तुम्ही द्यायचं नाही. दुसरीने भरलेली सिरिंज, दुसरीने ठेवलेली गोळी, कितीही जवळची असो. सख्खी आई असली तरी नाही." मुली मागच्या बाकावर हसायच्या. आई कशाला येतेय सिरिंज भरायला.

शिंपीणबाई इतर सगळी औषधं घेत होत्या. रक्तदाबाची एक गुलाबी गोळी मात्र घेत नव्हत्या. भांडत नसत, कारण सांगत नसत. नुसते ओठ मिटत. टाचण्या ओठांत धरून ठेवायची सवय असलेल्या बाईचे ते ओठ होते. मिटले की असे मिटत, जणू उघडले तर काहीतरी सांडेल, टोचेल. ती दोन-तीन वेळा थांबून बघे, "का नको, आजी?" विचारे, आणि तोवर पलीकडच्या खाटेवरून हाक येई. मुलगा संध्याकाळी दुकान बंद करून येई, आईच्या पायाशी बसे, आणि जाताना कुणाही सिस्टरला गाठून म्हणे, "काहीही करा, पण पोटात जाऊ द्या." परवा मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डच्या इनचार्ज, सहज म्हणाल्या होत्या, "शिंपीणबाईंची गुलाबी गोळी आता माझ्याकडे. तू बाकीचं बघ." आणि तिला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं पुढे तिने पुन्हा हातात घेऊन बघितलं. त्याला वास नव्हता, वजन नव्हतं. आपल्या डोक्यावरचं ओझं कुणी उचललं की माणूस ते ओझं कुठे नेऊन ठेवलं हे विचारत नाही.

आज मोठ्या सिस्टरना मेट्रनच्या मीटिंगला बोलावलं होतं. पदर खोचत, घाईत, त्या खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, "तिथे सफरचंदाची वाटी ठेवलीये. तेवढी भरव तिला. तुझ्या हातचं खाते ती, माझ्यासमोर नखरे करते." उकडून मऊ केलेलं सफरचंद, वर साखर. फळ. फळाला कोण पाकीट मागतं. ती खाटेच्या कडेवर टेकली आणि भरवू लागली. शिंपीणबाई खिडकीबाहेर, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाकडे बघत होत्या. "कॉलर उलटी बसवलीये मेल्याने," म्हणाल्या, "आणि लोक घालतात." पहिला घास गेला, दुसरा गेला. मग त्या थांबल्या. जीभ गालात फिरताना दिसली. त्यांनी मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. हे पाहणं तिने कुठेतरी पाहिलं होतं, अगदी अलीकडे, आजच, पण कुठे ते आठवायच्या आत शिंपीणबाईंनी तोंड उघडलं आणि तिच्या हाताने पुढचा घास आत सोडला होता. हाताला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. हात चांगला होता, सरावाचा होता. आणखी एक. आणखी एक. मग चमचा भरून वर आला आणि तिला हनुवटीपासून कपाळापर्यंत फिरणारी ती सकाळची नजर आठवली. तिने चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

कडू. दातांखाली रेती. आणि वाटीच्या तळाशी, साखरेत, गोळीच्या गुलाबी टरफलाचे बारीक कण.

नंतर तिला वाटे, त्या क्षणी आपण घाबरायला हवं होतं. पण ती घाबरली नव्हती. ती फक्त फार स्पष्ट बघत होती. वाटी अर्ध्याहून जास्त रिकामी होती. ही गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळण्यासाठी बनवलेली असते, अख्खी गिळायची असते; कुटली की दिवसभराचं औषध एकदमच अंगात शिरतं. तिने खाटेचं डोकं खाली केलं, दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पलीकडच्या सिस्टरला डॉक्टरांना बोलवायला पाठवलं. शिंपीणबाईंचा चेहरा तापल्यासारखा लाल होऊ लागला होता. "डोकं ठणकतंय गं," त्या म्हणाल्या, आणि मग, "मशीन चालल्यासारखं छातीत." तिने दोन बोटं मनगटावर ठेवली; पट्टीवरच्या नावाखाली नाडी धावत होती. तरुण डॉक्टर आले. तिने सांगितलं, "हळू विरघळणारी रक्तदाबाची गोळी कुटून दिली गेलीये. सफरचंदात. आत्ता, अर्ध्या तासाच्या आत." डॉक्टरांनी विचारलं, "कुणी कुटली?" ती म्हणाली, "भरवली मी." डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि बाकीचं नंतरवर टाकून सलाईन सुरू करायला सांगितलं. पायांखाली उशा. पट्टा फुगत होता, सुटत होता. आकडा उतरला, आणखी उतरला, मग एका ठिकाणी बराच वेळ रेंगाळला, लिफ्ट अडकावी तसा. त्या सगळ्या वेळात शिंपीणबाई डोळे मिटून होत्या आणि त्यांचा हात चादरीची किनार दोन बोटांत धरून चाचपत होता, शिवलेली दुमड आहे की साधी घडी. आकडा वर चढू लागला तेव्हा बाहेरच्या गच्चीवर कुणीतरी तो शर्ट काढून नेला होता.

मोठ्या सिस्टर परत आल्या, त्यांनी सलाईन पाहिलं, वाटी पाहिली, आणि तिला औषधांच्या खोलीत बोलावून दार लोटलं. कपाटांच्या काचांत दोघी दिसत होत्या, लांबट, एकमेकींत मिसळलेल्या. "परवा दिली, काल दिली, काही झालं नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट बसला होता. "आजच कसं झालं?" "ही गोळी कुटायची नसते, सिस्टर," ती म्हणाली. "ते मला शिकवू नकोस. घाईत लक्षात नाही आलं. मनात फक्त एकच, हिच्या पोटात जायला हवी." त्या स्टुलावर बसल्या. तिने त्यांना या खोलीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माझी आई अशीच होती. गोळ्या उशीखाली. आम्ही म्हटलं, जाऊ दे, तिची मर्जी. मग एक दिवस अर्धं अंग गेलं आणि वाचा गेली. सहा वर्षं, माझ्याकडे बघायची आणि हूं हूं करायची. मर्जी सांगायला तोंड राहिलं नाही." काचेतल्या लांबट बाईने डोळे पुसले, स्टुलावरच्या बाईने पुसले की नाही हे तिला कळलं नाही, कारण ती काचेत बघत होती. "डॉक्टरांना सांगितलंस ते बरोबर केलंस. वर मेट्रनलाही सांगू. पण तिला सांगू नकोस. तिला कळलं ना, की खाण्यातून देतो, तर उद्यापासून पाणीसुद्धा घ्यायची नाही. आधीच किती खाते, बघतेस ना. मग तिला कोण जगवणार? तुझं खरं बोलणं?"

ती बाहेर आली आणि उगाच औषधांच्या फ्रीजच्या दाराची पट्टी पुसत उभी राहिली. मोठ्या सिस्टर बोलल्या ते खरं होतं. उपास घडला तर ही म्हातारी आठवड्यात आटोपेल. आणि सांगितलं नाही तर काहीच होणार नाही. उद्यापासून कुटणं बंद, गोळीचं काहीतरी दुसरं बघतील, शिंपीणबाई कॉलरला नावं ठेवत सफरचंद खातील. कुणाचं काही बिघडणार नाही. फक्त ती मनगटाची पट्टी वाचेल, नाव विचारेल, आणि समोरून रोज नवं उत्तर येईल, आणि त्या हसण्यात एक गुलाबी कण असेल, तो तिच्या एकटीच्याच दाताखाली. तिला सकाळचा आपला चेहरा आठवला. पास झालेला. तो चेहरा घेऊन खिडकीपर्यंत जाणं फार सोपं होतं. दहा पावलंही नव्हती. तिला आईचा अंगठा आठवला, कांद्याचा वास. कडू आहे, घाण आहे.

"आजी," ती खाटेच्या कडेवर बसून म्हणाली, "सफरचंदात तुमची गुलाबी गोळी होती. कुटून घातलेली. तिनेच तुमचं प्रेशर एकदम उतरलं. ती मी भरवली."

शिंपीणबाईंनी डोळे उघडले नाहीत. "ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"परवापासून. जीभ म्हातारी झालीये, मेलेली नाही." मग म्हणाल्या, "परवा, काल ती मोठी भरवत होती. एक-दोन घास घ्यायचे, बाकीचं गालात धरायचं आणि ती वळली की रुमालात. हयातभर तोंडात टाचण्या धरल्यात, सफरचंदाचं काय मोठं." उशीखालचा रुमाल त्यांनी बोटाने दाखवला, तो कडक होऊन वाळला होता.

"मग आज?"

"आज तू होतीस." त्यांनी आता डोळे उघडले, पण तिच्याकडे न बघता रिकाम्या गच्चीकडे बघत राहिल्या. "कडू लागलं. तुझ्याकडे बघितलं. तू रोज पाकीट दाखवून देतेस, नाव विचारतेस. म्हटलं, ही देतेय म्हणजे नसणार. माझीच जीभ खोटी असेल."

वॉर्डात कुणाच्या तरी हातून पेला पडला आणि घरंगळत लांब गेला. ती त्याचा आवाज संपेपर्यंत थांबली. "जीभ खोटी नव्हती," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं त्यात काय आहे. पण माहीत करून न घेता भरवलं. ते मी करायला नको होतं." क्षमा वगैरे शब्द त्या खाटेच्या आसपास फिरकले नाहीत. मग शिंपीणबाईंनी विचारलं, "कुटली तर एवढं होतं, मग अख्खी गिळली तर का होत नाही?" तिने सांगितलं, की या गोळीला अस्तर असतं, ते हळूहळू झिजतं आणि औषध थोडं थोडं बाहेर येतं. कुटली की अस्तर फाटतं. "अस्तर," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा काहीतरी जागेवर बसलं. "हे कुणी सांगितलं नाही." "तुम्ही का घेत नव्हता, हे आम्हीही विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण थांबलो नाही." शिंपीणबाईंनी चादर बाजूला सारून पाय दाखवले. घोट्यापाशी सूज होती. मोज्यांच्या रबराची खूण खोल रुतली होती. "ही गोळी घरी सुरू झाली आणि हे सुरू झालं. मशीनच्या पायट्यावर पाय बसत नाही. टाके मागेपुढे पडतात. जगून मी करू काय, गच्चीवरचे शर्ट बघू?" तिने वाकून बोटाने दाबलं, खळगा पडला आणि भरायला वेळ लागला. या गोळीने असं होतं. परीक्षेच्या पुस्तकात होतं, तिने पाठ केलेलं होतं. ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, असं होय, मग दुसरी देऊ, इतक्या आहेत. हे आधी का नाही सांगितलं त्यांनी?

पण दुपारचं जेवण शिंपीणबाईंनी घेतलं नाही. ताट आलं तसं परत गेलं. तिने त्यांच्यासमोर अख्खं सफरचंद धुतलं, त्यांच्यासमोर चिरलं. त्यांनी फोड हातात घेतली, कापडाची सुलट बाजू बघावी तशी फिरवून बघितली आणि पुन्हा बशीत ठेवली. "राहू दे तिथे," म्हणाल्या. "बघू मग." मोठ्या सिस्टर लांबून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, मी म्हटलं नव्हतं का, असं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. ड्यूटी संपताना त्या जवळ आल्या. "मेट्रनकडे मी जाऊ की तू?" "दोघी जाऊ." दोघी जिना चढल्या. एका वळणावर मोठ्या सिस्टरनी कठडा धरला आणि श्वास घेतला. ती एक पायरी खाली थांबली. वर काय झालं ते फार नव्हतं. विचारलं, सांगितलं, पुढे चौकशी होईल असं कळलं. खाली येऊन पर्स घेताना तिने वॉर्डात डोकावलं. बशी होती तिथेच होती. फोडींच्या कडा तपकिरी पडल्या होत्या.

बसमध्ये तिला झोप लागली आणि तिचा स्टॉप जवळजवळ चुकलाच. घरी उन्हं स्वयंपाकघराच्या फरशीवर लांब पसरली होती, त्यात मुलगी बाटल्यांच्या झाकणांची आगगाडी करत होती. सासूबाईंनी केळं कुस्करून तयार ठेवलं होतं, शेजारी औषधाची बाटली. तिने हात धुतले. केळ्याची वाटी बाजूला सारली, औषध नुसतं चमच्यात घेतलं आणि खाली, उन्हात, मुलीसमोर बसली. "हे औषध आहे," ती म्हणाली. "कानाचं. कडू आहे. रोज केळ्यात असायचं ते हेच." सासूबाईंचा हात ओट्यावर थांबला. "अगं, कशाला सांगायचं लेकराला. गपचूप जात होतं ना पोटात." मुलगी चमच्याकडे बघत होती. "खूप कडू?" "खूप." "केळ्यात होतं?" "हो." मुलीचा ओठ बाहेर आला. मग ती रडली, पाय आपटले, आगगाडी उधळली, एक झाकण फ्रीजखाली गेलं. ती चमचा आडवा धरून थांबली, हात अवघडेपर्यंत. तिने नाक दाबलं नाही. शेवटी मुलीने, हुंदक्यांच्या मधल्या एका फटीत, डोळे घट्ट मिटून तोंड उघडलं, गिळलं, थुंकल्यासारखं केलं, आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसून युनिफॉर्मला नाक पुसलं. ते ओलं, गरम डोकं तिने धरून ठेवलं. कानामागे, केसांखाली, लहानपणापासून होता तोच दुधट वास होता. "शूर आहेस," ती म्हणाली. तिला वाटलं, झालं. उद्या शिंपीणबाईंनाही असंच, पाकीट समोर धरून, अख्खी, अस्तरासकट.

मग तिने ती वाटी ओढली. नुसतं केळं होतं, त्यात दुसरं काही नव्हतं. बाटली अजून ओट्यावर मुलीला दिसेल अशी उभी होती. कडू गेलं पाहिजे म्हणून तिने चमचा भरला, आणि मुलीच्या ओठांशी नेला.

मुलीने चमच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे, हनुवटीपासून वरपर्यंत.

"आधी तू," ती म्हणाली.

तिने खाल्लं. गोड होतं. तिने तोंड उघडून, जीभ बाहेर काढून दाखवली. मुलगी अजून बघत होती. तिने आणखी एक घास खाल्ला.